परसातील घोळ व तिची तोतया

चैत्रात किनवटच्या रानात मोहाची फुले गळतात, वैशाखात बहावा पिवळ्या घोसांनी लवतो. परंतु रानभाजीच्या ओळखीसाठी लातूर-नांदेडच्या गृहस्थांनी इतके दूर जाण्याचे कारण नाही. परसातील ओलसर आळ्यांत व विहिरीच्या पाटाकाठी याच दिवसांत घोळ आपोआप उगवते. तिची पाने मांसल, देठ तांबूस. पिवळे फूल उन्हात काही घटकाच उमलते आणि बोंड झाकणाच्या डबीसारखे उघडते. चवीस आंबटसर अशी ही भाजी मुगाच्या डाळीत उत्तम लागते. मुतखड्याचा विकार असणाऱ्यांनी मात्र ती बेतानेच खावी.

हिच्याच शेजारी दुधी नावाचे तण जमिनीसरपट पसरते, आणि नवशिके हात तेथेच फसतात. परीक्षा सोपी आहे. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आल्यास ते झाड टाकून द्यावे व हात धुवावेत, कारण तो चीक डोळ्यांत गेल्यास आग होते. घोळीत केवळ पाणी असते.

ही खूण घरातील वडील स्त्रियांस ठाऊक असते. परंतु ती कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून आम्ही सुचवितो की, आजीबाईंनी या सुट्टीत नातवंडांस परसात न्यावे आणि दोन्ही देठ त्यांच्यासमोर मोडून दाखवावेत.