सोयाबीन खाल्ल्यानें पौरुष घटतें काय ?

सोयाबीन हें पीक आतां मराठवाड्यांत व विदर्भांत घरचेंच झालें आहे. परंतु शेतांत पिकणारें हें धान्य शेतकऱ्याच्या ताटांत मात्र क्वचितच येतें. पोतीं भरून सारें बाजारसमितींत जातें, आणि एखाद्या घरीं सोयावडीची भाजी झालीच, तर पारावरचा कोणी शहाणा म्हणतो, "पुरुषानें हें खाऊं नये, पौरुष जातें." हा समज आपल्या वाचकवर्गांतही मूळ धरून आहे असें माझ्या पाहण्यांत आल्यावरून हा लेख लिहीत आहें.

मी डॉक्टर नव्हे. माझें आयुष्य महसूल खात्यांत तक्रारअर्जांचीं प्रकरणें तयार करण्यांत गेलें. अर्ज आला कीं दोन गोष्टी पाहावयाच्या : तक्रार मुळांत निघाली कोठून, आणि साक्षीपुरावा काय आहे. सोयाबीनविरुद्धच्या या अर्जाचीही चौकशी त्याच रीतीनें करूं.

तक्रारीचें मूळ असें. सोयाबीनमध्यें आयसोफ्लेवोन नांवाचीं द्रव्यें असतात, व त्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्रीशरीरांतील मुख्य संप्रेरकाशीं थोडीशी मिळतीजुळती आहे. अशा वनस्पतिद्रव्यांविषयींची भीति प्रथम मेंढ्यांवरून उद्भवली. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९४० नंतरच्या वर्षांत मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. तेथील कुरणांत क्लोव्हर नांवाचा, आपल्या बरसीमच्या जातकुळीचा घास माजला होता, व त्यांतील तशाच जातीचें द्रव्य या दोषास कारण असल्याचें पुढें निष्पन्न झालें. परंतु ध्यानांत घ्यावें कीं, त्या मेंढ्या दिवसभर तोच घास खात होत्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत त्या द्रव्याचें अधिक जोरकस द्रव्य बनतें. आणि तक्रार मुख्यत्वें मेंढीची होती, एडक्याची नव्हती. तेवढ्यावरून वाटीभर उसळ खाणाऱ्या मनुष्यास दोषी ठरविणें म्हणजे शेजारच्या गांवचा पंचनामा आपल्या गटास लावण्यासारखें आहे.

विरुद्ध बाजूचे साक्षीदार मुळींच नाहींत असें मात्र नाहीं, व ते लपविणें न्यायाचें होणार नाहीं. २००८ सालीं अमेरिकेंतील एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत आली. त्याचे स्तन वाढले होते व कामेच्छा मंदावली होती. चौकशीअंतीं कळलें कीं, हा गृहस्थ रोज जवळजवळ तीन लिटर सोयादूध पीत असे. तें बंद केल्यावर त्रास ओसरला. त्याच वर्षीं बोस्टन येथील वंध्यत्वचिकित्सालयांत आलेल्या ९९ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली; अधिक सोया खाणाऱ्यांत शुक्रजंतूंची दाटी कमी आढळली, परंतु त्यांच्या हालचालींत व आकारांत फरक आढळला नाहीं. एकाच वेळीं केलेली ही पाहणी होती. तिच्यावरून कारण कोणतें तें ठरत नाहीं.

आतां दुसरी बाजू. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ३२ निरोगी तरुणांस ५७ दिवस सोयाचीं प्रथिनें मुद्दाम देऊन पाहिलीं. वीर्याच्या तपासणींत कांहीं बिघाड दिसला नाहीं. २०२१ सालीं अशा ४१ प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासण्यांत आले. टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकांत वा इस्ट्रोजेनमध्यें सोयामुळें फरक पडत नाहीं असेंच निघालें. शिवाय जपानांत सोयाचे पदार्थ पिढ्यानुपिढ्या नित्याच्या जेवणांत आहेत, हा पुरावाही कोणास नाकारतां येणार नाहीं.

वाचक म्हणतील, समज खोटा असला तरी त्यानें बिघडलें काय ? बिघडतें तें सांगतों. माझ्या पुतण्याच्या लग्नास चार वर्षें होऊन मूल नव्हतें. पहिलीं दोन वर्षें दोष सूनबाईचा ठरला. नवससायास झाले, उपासतापास झाले, टोमणे झाले. मग कोणीं सांगितलें कीं मुलगा वसतिगृहांत असतांना सोयावडी फार खात असे, हें त्याचेंच फळ. झालें, वहिनींनीं सोयावडी घरांतून हद्दपार केली आणि सर्वजण निश्चिंत होऊन वाट पाहूं लागले. त्यांत आणखी दोन वर्षें गेलीं. मीही त्या घरांतला वडील मनुष्य; मीं तोंड उघडलें नाहीं, याची मला आज लाज वाटते. अखेर दोघांची तपासणी झाली, तेव्हां पुतण्याच्या अंडकोषाच्या शिरा फुगल्या असल्याचें कळलें. त्यावर लहानशी शस्त्रक्रिया झाली. पुढील गोष्ट ईश्वराधीन. पण जी तपासणी पहिल्या वर्षीं व्हावयाची ती चौथ्या वर्षीं झाली, आणि एका निरपराध मुलीनें तोंवर सारें सोसलें.

दुसरें असें कीं, आपण ताटाला भितों व फवारणीच्या पंपाला भीत नाहीं. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्यांत डीबीसीपी नांवाचें सूत्रकृमिनाशक औषध तयार करणाऱ्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हां पुष्कळांचे शुक्रजंतु अत्यंत घटले वा नाहींसे झाले असल्याचें आढळलें. सर्व औषधें तशीं नसतात. तथापि उघड्या हातानें औषध कालवून त्याच हातानें तंबाखू मळणाऱ्यानें सोयाबीनवर आळ घेऊं नये. तंबाखू, दारू व पोटाचा घेर यांचा हिशेब प्रथम द्यावा.

माझें मत असें : सोयाबीन बेतानें खावें, आणि शिजवूनच खावें. कच्च्या दाण्यांत प्रथिनें पचूं न देणारें द्रव्य असतें, म्हणून पिठांत मिसळावयाचें झाल्यास दाणे आधीं उकडून वाळवावेत. सोयावडींत निम्मीं प्रथिनें असतात. ज्या घरीं डाळ महाग पडते व मांस-अंडीं चालत नाहींत, त्या घरच्या मुलांस ती मोठा आधार आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यानें गोळी व सोया यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें. ज्यास सोया बाधतें त्यानें तें वर्ज्य करावें. आणि लग्नानंतर वर्षभरांत मूल न राहिल्यास नवराबायको दोघांनींही डॉक्टरकडे जावें, पुरुषानें आधीं जावें. त्याची तपासणी सोपी असते.

पोतें विकतांना ज्या धान्याचा आपण भाव मागतों, तें घरांत आणतांना कशास भ्यावें ? पुराव्याअभावीं हा अर्ज निकालीं काढावा, एवढीच शिफारस.

— एक निवृत्त महसूल कारकून