आधी कान, मग नळी

निरगुडसरच्या शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. पाट मध्येच फुटला की शेवटचे वावर कोरडे राहते. काही मुलांच्या हृदयात जन्मतः असेच घडते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी धमनी वाटेतच हृदयाच्या कप्प्यात उघडते. रक्त भलतीकडे वाहते, स्नायू उपाशी राहू शकतो. हा कोरोनरी फिस्टुला. तसा दुर्मीळ दोष.

पूर्वी छाती उघडण्यावाचून इलाज नव्हता. १९८०च्या दशकापासून जांघेतून बारीक नळी नेऊन, धातूची गुंडाळी बसवून ही फट बुजविता येऊ लागली. अर्थात सरसकट नव्हे. लहान फट नुसती नजरेखाली ठेवतात. धमनीच चुकीच्या जागी उगवली असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

बँकेत असताना मी गाईसाठी, विहिरीसाठी कर्जे मंजूर केली. लेकराच्या हृदयासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता. पुढे १९९७ मध्ये राज्याची जीवनदायी योजना आली, २०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम. पैशाची अडचण बरीच हलली.

मग अडते कुठे? पहिल्या तपासणीत. कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यावे, असा नियम आहे. पण पारगावच्या भीमाशंकर कारखान्यासाठी ऊस तोडायला आलेल्यांचे मूल कोणत्या पटावर? दूध पिताना घामाघूम होणारे, धापा टाकणारे बाळ ‘अशक्त’ ठरवून कोपीत ठेवले, तर शहरातली नळी काय कामाची? छातीला स्टेथोस्कोप लावणारा कान आधी त्या कोपीपर्यंत पोचला पाहिजे.