घामाचा वास, तुरटीचा खडा आणि फवारणीचा दिवस



आज बागेवर नाही, बागेत राबणाऱ्याच्या काखेवर लिहितोय. हसा हवं तर, पण पुरतं वाचा. विषय वाटतो तेवढा हलका नाही.

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. फवारण्या चालू होत्या. पुतण्या दुपारपर्यंत ब्लोअर चालवून घरी आला आणि संध्याकाळी त्याला मुलगी बघायला जायचं होतं. उशीर झालेला. त्यानं शर्ट काढला, ओल्या टॉवेलनं अंग पुसलं, बॉडी स्प्रे काखेत, छातीवर, मानेवर फसाफसा मारला आणि इस्त्रीचा शर्ट चढवला. मी म्हणलं, "अरे, आंघोळ?" तर म्हणतो, "तात्या, वास येतोय का आता? नाही ना? मग झालं की."

त्याला बोलायचा मला काही हक्क उरला नव्हता, कारण त्याच्या आधीच्या ठिकाणी काय झालं ते मला माहीत होतं. चहापोहे झाल्यावर आतल्या खोलीतून शब्द ऐकू आले होते, की पोरगं चांगलं आहे, पण अंगाला औषधाचा वास मारतोय. पाच एकर द्राक्ष, स्वतःचं शेततळं, निर्व्यसनी पोरगा, आणि लक्षात काय राहिलं तर वास. ते त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून रोज बॉडी स्प्रे. मग कुणीतरी सांगितलं की त्यात केमिकल असतं, नैसर्गिक वापर. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून लिंबू आणि खाण्याचा सोडा सुरू. पंधरा दिवसांत काखा लालभडक, आणि मानेवर लिंबाचे ओघळ जिथं आले होते तिथं काळपट चट्टे. दोन्ही उपायांत त्यानं वास घालवला आणि कातडी घालवली.

तिथून मी यात डोकं घातलं. माझं मत सरळ सांगतो. आपल्यासारख्या फवारणी करणाऱ्या माणसाला काखेची कातडी शाबूत राहणं हे वास जाण्यापेक्षा मोठं काम आहे. त्या कसोटीला जो घरगुती उपाय उतरत नाही, तो कितीही नैसर्गिक असला तरी माझ्या न्हाणीत नको.

आधी वास येतो कुठून ते बघू. घाम निघतो तेव्हा त्याला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या घामग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर काम सुरू करतात. म्हणून लहान पोरं दिवसभर मातीत लोळली तरी त्यांना तसा वास येत नाही. या ग्रंथींतून येणारा द्रव तिथले जिवाणू खातात आणि त्यातून वासाचे पदार्थ तयार होतात. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली यातलं एक नेमकं एन्झाइम शोधलं. ते स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाच्या जिवाणूत असतं आणि कांद्यासारख्या उग्र वासाचे गंधकयुक्त पदार्थ तयार करायला कारण ठरतं. म्हणजे हा सगळा जिवाणूंचा कारभार. उकिरडा आणि सायलेजचा खड्डा ज्यानं जवळून बघितलाय त्याला वेगळं समजवायला नको. ओल, ऊब आणि खाणं मिळालं की जिवाणू वाढणार.

वासाची लाज मात्र जिवाणूंनी तयार केलेली नाही. अमेरिकेत १९१९ साली 'ओडोरोनो' नावाच्या घाम रोखणाऱ्या औषधाची जाहिरात बायकांच्या एका मासिकात आली. तुमच्या काखेचा वास तुम्हाला कळत नाही, दुसऱ्यांना कळतो, असा तिचा सूर होता. वाचक चिडले, कित्येकांनी मासिक बंद केलं, पण औषधाचा खप वाढला. शंभर वर्षं झाली, धंदा अजून त्याच लाजेवर चाललाय, आणि आता 'नॅचरल' लिहिलेल्या डब्याही त्याच लाजेवर विकल्या जातात.

आता लिंबू-सोडा. आपण द्राक्षवाले फवारणीच्या पाण्याचा सामू बघितल्याशिवाय टाकीत औषध ओतत नाही. मग अंगावर लावताना का बघत नाही? कातडीचा सामू साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. खाण्याच्या सोड्याचं पाणी ८.३ च्या जवळ, चुनखडीच्या रानासारखं. लिंबाचा रस दोन-अडीच. सोड्यानं वास जातो, ही गोष्ट खरी, कारण वासाची काही आम्लं तो मारतो आणि जिवाणूंनाही ते वातावरण मानवत नाही. पण रोज लावला की कातडीचं वरचं संरक्षण बिघडतं, आग होते, पुरळ येतं. सगळ्यांना होतं असं नाही, पुष्कळांना होतं. आणि कृपा करून धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत घोळ करू नका. धुण्याचा सोडा कितीतरी जहाल असतो. आमच्या घरात दोन्ही पुड्या एकाच फळीवर होत्या, हे मला नंतर कळलं.

लिंबाचं दुखणं निराळं आहे. लिंबाच्या रसात आणि सालीत असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, फोडसुद्धा येतात, आणि नंतर राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. सावलीत ऑफिसात बसणाऱ्याचं कदाचित निभावेल. आपण बारा वाजता उन्हात. पुतण्याच्या मानेवरचे चट्टे तेच होते.

मग चाचणी घेतली. आपल्याकडं दोन काखा म्हणजे दोन प्लॉट. एप्रिल महिना, घामाला तोटा नव्हता. पहिला आठवडा डाव्या काखेला फक्त साबण-पाणी आणि कोरडं पुसणं, उजव्या काखेला साबण-पाण्यानंतर तुरटीचा ओला खडा. दुसऱ्या आठवड्यात बाजू बदलल्या. तिसऱ्या आठवड्यात डाव्या काखेला व्हिडिओतली कृती, खोबरेल तेल, आरारूट आणि सोडा. परीक्षक आमच्या घरच्या. कुठल्या बाजूला काय लावलंय ते त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ह्या वयात काय थेरं सुरू केलीत?" पण तीन आठवडे नेमानं शेरा दिला.

नुसत्या साबणाची बाजू दुपारी तीनच्या पुढं वास मारायला लागायची. तुरटीची बाजू बहुतेक दिवस संध्याकाळपर्यंत निभावली. घाम मात्र दोन्हीकडं आला. तेल-सोड्याच्या बाजूला वास सगळ्यांत कमी, हे मान्य करतो, पण चौथ्या दिवशी खाज आणि पाचव्या दिवशी लाली, म्हणून तिथंच थांबवलं. शिवाय खोबरेल पंचवीस अंशाच्या आसपास वितळतं, त्यामुळं आपल्या एप्रिलमध्ये ते मलम न राहता नुसतं तेल होतं आणि बनियनला डाग पाडतं. कृषी शाखेचे मित्र म्हणतील की रेप्लिकेशन नाही. बरोबर आहे. एका माणसाच्या दोनच काखा, त्याला मी काय करणार?

तुरटीबद्दल दोन गोष्टी स्वच्छ सांगतो, कारण तिच्या नावावरही थापा चालतात. दुकानात 'क्रिस्टल' म्हणून चकचकीत डब्यात मिळतो तो बहुतेक वेळा तुरटीचाच खडा, आणि त्यावर कधीकधी अ‍ॅल्युमिनियम नसल्याचा दावा असतो. तुरटी म्हणजेच पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सल्फेट, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असणारच. फरक एवढाच की बाजारातल्या घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे जे क्षार असतात ते घामाच्या छिद्रात तात्पुरतं बूच बसवतात. तुरटीचा भर कातडी आवळण्यावर आणि जिवाणू कमी करण्यावर. अ‍ॅल्युमिनियमनं स्तनाचा कर्करोग होतो असे मेसेज फिरतात, त्याला आजवर ठोस पुरावा मिळालेला नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र यातलं काहीही रोज लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

वापर सोपा आहे. आंघोळ, काख पूर्ण कोरडी, खडा पाण्यात बुडवून हलक्या हातानं दोन-तीनदा फिरवायचा, वाळू द्यायचा. वस्तरा फिरवलेल्या दिवशी लावू नये, झोंबतं. ज्याचा खडा त्याला वेगळा. मी किराणा दुकानातून वीस रुपयांना आणलेला खडा अजून निम्मासुद्धा संपलेला नाही.

कपड्याचा हिशोब तर आपण धरतच नाही. बियाणं आणि औषधांच्या मेळाव्यात फुकट मिळणारे टी-शर्ट बहुतेक पॉलिस्टरचे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरच्या सुती आणि पॉलिस्टर कपड्यांची तुलना केली, तेव्हा पॉलिस्टरला जास्त वाईट वास आला आणि वास तयार करणारे काही जिवाणू त्यावर जास्त वाढले. माझा अनुभव तोच. जुना सुती सदरा घातला त्या दिवशी तुरटी नसतानाही बरं गेलं. फुकटचा टी-शर्ट महाग पडतो तो असा.

सुवासच हवा असेल तर आपल्या उटण्यात काय कमी आहे? वाळा, कचोरा, नागरमोथा. नागरमोथा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच भाऊबंद, ज्याच्या गाठींपुढं आपण हात टेकलेत. पण वास छान येतो म्हणून तणनाशक मारलेल्या बांधावरनं उपटून वाटू नका, दुकानातून घ्या. आणि उटण्यानं अंग स्वच्छ होतं, दिवसभराचा बंदोबस्त होतो असं मी म्हणणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. औषधाचा वास आणि घामाचा वास या दोन गोष्टी आहेत. घामाचा वास झाकला तर कुणाचं बिघडत नाही. फवारणीच्या औषधाचा वास अंगावर आहे याचा अर्थ औषध अंगावर आहे. १९७१ साली अमेरिकेत मायबाक नावाच्या त्वचातज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराथिऑन हे कीटकनाशक, जे आता आपल्याकडं बंद आहे, माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावून आत किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराच्या पुढच्या हातातून ९ टक्क्यांच्या आत. काखेतून ६४ टक्के. अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. हा आकडा वाचला त्या रात्री मला पुतण्याचा तो ओला टॉवेल आठवत राहिला. पुसून त्यानं औषध काढलं की पसरवलं, देव जाणे. वर बॉडी स्प्रे. त्यात भरपूर अल्कोहोल, आणि कातडीतून पदार्थ आत जायला अल्कोहोल मदत करतं, म्हणून तर औषधी जेलमध्ये ते वापरतात. आणि सोड्यानं सोललेल्या काखेनं तो पुढं पंधरा दिवस फवारत होता.

यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून आमच्या घरात आता नियम असा, की फवारणी करून आलेल्या माणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कपडे बाहेर वेगळ्या बादलीत, घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. लगेच साबण आणि भरपूर पाणी, आधी काखा, जांघा, मान, केस, नखं. पाणी तापायची वाट बघायची नाही. काखेला पुरळ, जखम किंवा आग असेल त्या दिवशी ब्लोअरवर दुसऱ्यानं बसायचं, मग ती आग सोड्यानं झालेली असो, वस्तऱ्यानं असो की तुरटीनं. फवारणीच्या दिवशी अंग धुतल्यावर काहीच लावायचं नाही, अगदी तुरटीही नाही, म्हणजे वास राहिला तर नाकाला कळतो आणि परत धुता येतं.

आणि फवारताना किंवा नंतर एकदम दरदरून घाम सुटला, तोंडाला पाणी सुटायला लागलं, मळमळ, डोळ्यांपुढं अंधुक, छाती भरल्यासारखी, तर तो उन्हाचा घाम समजून सरबत पीत बसू नका. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची बाधा अशीच दिसते. माणूस दवाखान्यात, आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत, म्हणजे डॉक्टरांना कळतं काय गेलंय.

पुतण्याच्या काखा महिन्याभरात बऱ्या झाल्या, मानेचे डाग अजून पुसट दिसतात. पुढच्या रविवारी परत एक ठिकाण बघायला जायचंय. शनिवारी फवारणी ठेवलेली नाही, आणि सदरा सुती आहे. जिथं जातोय तिथल्या मुलीच्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे, त्यामुळं औषधाचा वास त्यांच्याही घराला ओळखीचा असणार.

वाळा आणि तुरटीची बारीक पूड करून कुणी वापरली असेल तर कळवा. माझा पुढचा प्लॉट त्याचाच आहे, डावी काख मोकळी ठेवलीय.