कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा : ब्रिटनमधील परताव्यातून भारताने काय घ्यावे?

नवी दिल्ली : कर्जाच्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात विम्याचा अर्जही असतो. त्यावर आपली सही का घेतली गेली, हे कर्जदाराला कित्येकदा हप्ता कापला गेल्यावरच कळते. भारतीय बँकांबाबतची ही तक्रार नवी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतील बँकिंग परिषदेत केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी विम्याच्या गैरविक्रीमुळे ग्राहकांसाठी कर्जाचा खर्च अप्रत्यक्षपणे वाढतो, असे सांगत बँकांचे कान टोचले होते. हाच रोग ब्रिटनमध्ये बळावला, तेव्हा तेथील बँका व वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम, म्हणजे चार लाख कोटी रुपयांच्या आसपासची रक्कम, ग्राहकांना परत करावी लागली. हे कशामुळे घडले आणि त्यातले भारतात काय उपलब्ध आहे, हे तपासणे त्यामुळे उपयुक्त ठरते.

ब्रिटनमधील हा विमा ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’ किंवा ‘पीपीआय’ या नावाने ओळखला जातो. आजारपण, अपघात किंवा नोकरी गेल्यामुळे कर्जदाराचे उत्पन्न थांबले, तर काही काळ कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरावेत, ही त्यामागील कल्पना. कल्पनेत खोट नव्हती, विक्रीत होती. स्वयंरोजगार करणाऱ्यांना व निवृत्तांना बेरोजगारीचे संरक्षण विकले गेले. त्याचा लाभ त्यांना मिळूच शकत नव्हता. आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण नाही, ही अट अनेकांना सांगितली गेली नाही. विमा घेतला नाही तर कर्ज मंजूर होणार नाही, असा समज करून देण्यात आला. काहींच्या खात्यात तर हा विमा त्यांच्या नकळत जोडला गेला होता.

यातील सर्वांत महागडा प्रकार होता एकरकमी हप्त्याचा. संपूर्ण मुदतीचा विमा हप्ता सुरुवातीलाच मूळ कर्जात मिळवला जाई आणि त्यावरही व्याज आकारले जाई. कर्ज मुदतीपूर्वी फेडले तरी हप्त्यातील फारच थोडा भाग परत मिळे. ब्रिटिश नियामकाच्या अंदाजानुसार सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ६ कोटी ४० लाख पीपीआय पॉलिसी विकल्या गेल्या होत्या. बँकांसाठी कर्जापेक्षा त्याला जोडलेला विमा अनेकदा अधिक किफायतशीर ठरत होता.

परताव्याची वाट मात्र एका दिवसात तयार झाली नाही. ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या ग्राहक सल्ला संस्थेने २००५ मध्ये ‘महातक्रार’ दाखल केली. २००२ च्या एंटरप्राइज कायद्याने मान्यताप्राप्त ग्राहक संस्थांना हा विशेष अधिकार दिला आहे. एखाद्या बाजारपेठेतील पद्धतच ग्राहकहिताला मारक असल्याची तक्रार त्यांनी केली, तर संबंधित यंत्रणेला ९० दिवसांत तर्कशुद्ध उत्तर द्यावे लागते. त्यातून चौकशी सुरू झाली. अखेर स्पर्धा आयोगाने कर्ज देतानाच व त्यानंतरचे सात दिवस हा विमा विकण्यास मनाई केली. एकरकमी हप्त्यावरही बंदी आली.

निर्णायक वळण आले ते ऑगस्ट २०१० मध्ये. तत्कालीन वित्तीय सेवा प्राधिकरणाने तक्रारी कशा तपासाव्यात, याचे बंधनकारक नियम जाहीर केले. तक्रारींच्या मुळाशी असलेला दोष शोधावा आणि त्या दोषाचा फटका बसलेल्या, परंतु तक्रार न केलेल्या ग्राहकांचाही विचार करावा, अशी अपेक्षा त्यात होती. बँकांच्या संघटनेने या नियमांना न्यायालयात आव्हान दिले. २० एप्रिल २०११ रोजी उच्च न्यायालयाने ते फेटाळले. पुढील महिन्यात लॉइड्स बँकेने माघार घेऊन ३.२ अब्ज पौंडांची तरतूद जाहीर केली आणि पाठोपाठ संघटनेनेही अपिलाचा नाद सोडला. एकट्या लॉइड्सचा भार पुढे २० अब्ज पौंडांच्या वर गेला. २००८ च्या संकटात सरकारी पैशांवर तगलेली ही बँक असल्याने त्या भाराची झळ काही प्रमाणात करदात्यांनाही लागली.

भरपाईचे सूत्र साधे होते. भरलेला विमा हप्ता, त्यावर आकारलेले व्याज आणि शिवाय दरसाल ८ टक्के सरळ व्याज, अशी रक्कम परत मिळे. बँकेने दावा फेटाळला तर वित्तीय लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येत होती. लोकपालाचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला की तो बँकेवर बंधनकारक होतो. तक्रारींची हाताळणीच सदोष ठरल्याबद्दल जून २०१५ मध्ये लॉइड्सला ११ कोटी ७० लाख पौंडांचा दंडही झाला.

दुसरा पेटारा उघडला तो दलालीचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅरागॉन पर्सनल फायनान्स या कंपनीविरुद्धच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आले, की विमा हप्त्यातील जवळजवळ ७२ टक्के रक्कम दलालीत गेली होती आणि कर्जदाराला त्याची कल्पनाच नव्हती. इतकी मोठी दलाली लपवणे हा अन्याय्य व्यवहार होय, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे विमा योग्य रीतीने विकला गेला असला, तरी दलालीच्या मुद्द्यावर दावा करण्याचा मार्ग खुला झाला.

या यशाला दुसरी बाजूही आहे. दावे करून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचे पीक आले. विनामूल्य होऊ शकणाऱ्या कामासाठी त्या भरपाईतील ३० टक्के आणि कधी त्याहून अधिक वाटा घेत. २०१८ च्या कायद्याने हे शुल्क २० टक्के अधिक कर एवढ्यावर आणले, तोवर बराच पैसा ग्राहकांच्या हातून निसटला होता. दाव्यांसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अंतिम मुदत ठरली. तीनंतर केवळ अपवादात्मक परिस्थितीत बँकेकडे दाद मागता येते. न्यायालयाचे दार मात्र पूर्ण बंद झाले नाही. २००६ च्या एका कर्जात हप्त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक रक्कम दलालीची होती. ती हेतुपुरस्सर दडवल्याने २०१८ मध्ये केलेला दावा मुदतबाह्य ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला.

आता भारताकडे पाहू. येथे बँका विमा कंपन्यांच्या ‘कॉर्पोरेट एजंट’ म्हणून काम करतात. २०२२ पासून एका बँकेला जीवन, सर्वसाधारण व आरोग्य या प्रत्येक गटात नऊ कंपन्यांशी करार करता येतो. कर्जाला विम्याची सक्ती करू नये, असा नियम आहे. विमा कंपनीने बँक कर्मचाऱ्यांना प्रोत्साहनपर बक्षिसे देण्यासही रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. बँकेने वसूल केलेला विमा हप्ता त्यातील वार्षिक खर्चाच्या दरात धरावा लागतो आणि विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. म्हणजे नियमांचा तुटवडा नाही.

तुटवडा आहे तो सामूहिक निवारणाचा. भारतात प्रत्येक कर्जदार आपापली लढाई लढतो. एका तक्रारदाराचा हप्ता परत मिळाला, तरी त्याच शाखेत, त्याच पद्धतीने विमा घेतलेल्या शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात समान हित असलेल्या अनेक ग्राहकांनी एकत्र तक्रार करण्याची तरतूद आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आहे. परंतु गैरविक्री सिद्ध झालेल्या बँकेने जुनी खाती स्वतःहून तपासावीत आणि तक्रार न केलेल्यांनाही पैसे द्यावेत, असा ब्रिटनसारखा व्यापक पायंडा पडलेला नाही. तो पडला, तरच गैरविक्री बँकांसाठी तोट्याचा व्यवहार ठरेल.

कर्जासोबतचा प्रत्येक विमा निरुपयोगी असतो, असा याचा अर्थ नाही. कमावत्या व्यक्तीच्या पश्चात घर कुटुंबाकडे राहावे यासाठी गृहकर्जाला विम्याचे कवच असणे शहाणपणाचे ठरू शकते. मात्र ते कवच कोणाकडून, किती रकमेचे आणि कोणत्या हप्त्याने घ्यायचे, हा निर्णय कर्जदाराचा असला पाहिजे.

तोपर्यंत कर्जदाराच्या हातात काही साधने आहेत. जीवन व आरोग्य विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ काळात ती परत करता येते. तक्रार आधी बँक व विमा कंपनीकडे लेखी करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. विमा लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत. ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. कर्ज मंजुरीपत्र, मुख्य तथ्य विवरण आणि खाते उतारा ही तीन कागदपत्रे जपून ठेवणे यासाठी अत्यावश्यक आहे.

ब्रिटनमध्ये पहिल्या महातक्रारीपासून अंतिम मुदतीपर्यंत चौदा वर्षे गेली. या काळात अनेक ग्राहकांच्या हाती जुनी कागदपत्रेही उरली नाहीत. नियामकाने उशिरा का होईना, पद्धतीलाच हात घातला म्हणून पैसे परत आले. भारतात अर्थमंत्र्यांनी दोषाकडे बोट दाखवले आहे. तो निस्तरण्याची जबाबदारी एकट्यादुकट्या कर्जदारावर ठेवायची की बँकांवर टाकायची, याचा निर्णय नियामकांना करावा लागेल.