प्रवासी आपले, गोदी परक्यांची

अमरावती-अकोल्याच्या सुस्थित घरांतून आता मुंबई-गोवा क्रूझचे बेत ठरू लागले आहेत. ठरोत! वऱ्हाडी माणसाने समुद्र पाहू नये, असे कोण म्हणेल? पण आपण चढतो ते जहाज कोणाचे, हेही पाहावे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाने मुंबईहून ज्या ‘एम्प्रेस’ जहाजाने सफरी सुरू केल्या, ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले. तीन दशके जुने जहाज आमच्याकडे नवलाई ठरले!

जानेवारी २०२४ मध्ये ‘आयकॉन ऑफ द सीज’ची पहिली सफर निघाली. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, पूर्ण भरल्यास साडेसात हजार प्रवासी. इंधन द्रवरूप नैसर्गिक वायू. अशा जहाजांच्या खोल्या कारखान्यात सामानसुमानासह सिद्ध करून पेटीप्रमाणे सांगाड्यात सरकवितात. हे जहाज घडविणारा फिनलंड लोकसंख्येने आपल्या अमरावती विभागाच्या जेमतेम निम्मा आहे.

‘आपल्याला समुद्र कुठे?’ ही सबब नेहमीची. जर्मनीतील पापेनबुर्ग हे गावही समुद्रकाठी नाही. एम्स नदीचे पाणी बंधाऱ्याने फुगवून तेथील अजस्र जहाजे उत्तर समुद्रात नेली जातात. २०२४ मध्ये ती गोदी आर्थिक संकटात सापडली, तेव्हा मुक्त बाजारपेठेचे धडे जगाला देणाऱ्या त्या देशाच्या शासनानेच तिची बहुतांश मालकी घेतली.

आपल्याकडे कौशल्य नाही काय? २६२ मीटरची ‘विक्रांत’ कोचीत घडली आणि २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. १९१९ साली वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘लॉयल्टी’ परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत लंडनकडे निघाली होती. त्याआधी वऱ्हाडचा कापूस इंग्रजी जहाजांतून मँचेस्टरला जाई. माल आमचा, भाडे त्यांचे. आज माल नाही, माणसे जातात, एवढाच फरक.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. त्याच्या वर्षभर आधी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन झाले. प्रवासी जहाजावर पडदे, गालिचे, गाद्या यांना अग्निरोधकतेच्या कठोर कसोट्या असतात. असे कापड अमरावतीत का विणले जाऊ नये? त्याची चाचणी अकोल्यात का होऊ नये? लोकप्रतिनिधी मते मागावयास येतील, तेव्हा क्रूझची छायाचित्रे बाजूला ठेवून हे दोन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि उत्तर लेखी मागावे.