विषय येतो, शब्द येत नाहीत

फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझी जुनी विद्यार्थिनी वडिलांबरोबर घरी आली. उर्दू माध्यमातून बारावी कला चांगल्या गुणांनी पास झालेली. जूनपासून जिंतूरहून रोज एसटीने परभणीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जाते. पहिल्या सत्राचा निकाल लागला होता आणि दोन विषय राहिले होते.

"आपा, मेरेकू कुछ समझताच नै," एवढेच बोलून ती गप्प झाली.

वडील म्हणाले, "फी गेली, पासचे पैसे गेले. आता घरीच राहू दे म्हणतो. एक रिश्ताही आलाय."

मी तिची वही मागितली. राज्यशास्त्राच्या पानावर 'सार्वभौमत्व' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेला होता. मी विचारले, "इक्तिदार-ए-आला म्हणजे काय?" तिने न थांबता नीट सांगितले. अर्थशास्त्रातही तेच. 'तलब' आणि 'रसद' तिला पाठ होते, पण 'मागणी' आणि 'पुरवठा' यांच्याशी त्यांची गाठ घालून देणारे कोणी भेटले नव्हते. त्यात एकदा वर्गात मोठ्याने वाचताना तिच्या तोंडून 'ळ'चा 'ल' झाला आणि मागे कोणीतरी हसले. तेव्हापासून तिने हात वर केलेला नाही.

मी स्वतः उर्दू शाळेतून मराठी महाविद्यालयात गेले, तेव्हा दोन महिने हजेरी देण्यापुरतेच तोंड उघडले होते. शेजारी बसणाऱ्या मुलीने तिची वही उतरवायला दिली, म्हणून निभावले. त्यामुळे हसण्याची ती गोष्ट मला छोटी वाटली नाही.

हे ओझे उलट बाजूनेही वाहिले गेले आहे. आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे शिकवण्याची भाषा उर्दू. पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी दारुल तर्जुमा नावाचे खातेच उघडले होते. घरी मराठी बोलणारी मराठवाड्यातली मुले तेथे गेली, तेव्हा परके शब्द त्यांच्या वाट्याला आले. आज परभणीची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि शब्द शोधण्याची पाळी आपल्या मुलांची आहे. फरक इतकाच की या मुलांसाठी कोणी दारुल तर्जुमा उघडलेला नाही. तो वहीत आपणच उघडायचा.

म्हणून तिला वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले: उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज दहा शब्द. आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात घाबरते म्हणाली, तेव्हा तिथल्या खिडकीवरचे शब्द मोजायला सांगितले. अर्ज, दाखला, मुदत, नक्कल, तपशील. निम्मी खिडकी आपल्याच घरातली! तेव्हा कुठे ती हसली.

वडिलांशी बोलणे जास्त अवघड होते. त्यांची काळजी खोटी नाही. थंडीच्या दिवसांत संध्याकाळची एसटी चुकली की मुलगी अंधार पडल्यावर घरी पोचते. मी त्यांना एवढेच सांगितले की आमच्या वेळी वर्षाची एकच परीक्षा असे, आता वर्षात दोन सत्रे असतात. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. दोन विषय राहिले म्हणजे मुलगी नापास ठरली, असा अर्थ घरच्यांनी काढायचा नसतो. रिश्त्याबद्दल मी काही बोलले नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न. पण मुलीला विचारलेत का, हे मात्र विचारले. ते चहाकडे बघत राहिले.

ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी दोन गोष्टी प्रवेशाआधीच विचारून ठेवाव्यात: वर्गात कोणत्या भाषेत शिकवतात आणि उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते. ही मुलगी दोन्ही न विचारता गेली. तिला न विचारता पाठवणाऱ्यांत मीही होते. शाळेत निकालाचे पेढे वाटताना हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

वडिलांनी उन्हाळ्याच्या परीक्षेपर्यंतची मुदत दिली आहे. परवा तिचा फोन आला. शेजारच्या मुलीने वही दिली, आणि बदल्यात तिला उर्दू अक्षरे शिकायची आहेत.