बसले म्हणजे चालले असे नाही

शेतकरी बंधूंनो, भात पोटरीवर आले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि परवान्याची बंदूक माळ्यावरून खाली येते. बऱ्याच घरांतून ती आजोबांपासून चालत आलेली असते. नळी गंजून आत खड्डे पडले म्हणून कोणी ती बदलूनही घेतो. बंदूक नवी झाल्यासारखी वाटते, पण डब्यातली काडतुसे जुनीच राहतात आणि त्यांत काही घरी भरलेली असतात. खरा धोका तिथेच आहे.

डिझेल पंपाच्या इंजिनात नवा लायनर टाकल्यावर जुन्या झिजक्या रिंगा आपण घालत नाही. मग बंदुकीच्या बाबतीत "बसते ना, मग चालते" हा हिशेब कशासाठी?

बारा बोअरचेच पाहा. काही जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असते, तर आज मिळणारी बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे. न उडालेल्याचे तोंड दुमडलेले असल्याने ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते. बार उडताना मात्र तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि आतला दाब वाढतो. म्हणून नळी बदलली की तिच्यावरचे माप कारागिराकडून वाचून घ्या आणि लिहून ठेवा.

रायफलीचे पितळी काडतूस उडाले की फुगून त्या नळीतल्या घराचा आकार घेते. तेच टरफल पुन्हा भरले तर ते जुन्या घराच्या मापाचे राहू शकते. शिवाय झिजलेल्या नळीत निभावलेला बार नव्या, घट्ट नळीत जादा दाब करू शकतो. अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याची रीत आहे. तेथले जाणकारही नळी बदलल्यावर जुना हिशेब धरत नाहीत. कमी दारूपासून पुन्हा सुरुवात करतात.

आपल्याकडे तर परवान्याशिवाय काडतूस भरणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हाच आहे. डब्याच्या झाकणाने मापलेली दारू किती, कसली आणि किती पावसाळे खाल्लेली, हे कोण सांगणार? ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली बिनधुराची दारू तर कधीच घालू नका. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस असते. नळी फुटली तर हात जातो, डोळा जातो.

एवढे पाळा. नळी परवानाधारक कारागिराकडूनच बदला आणि तशी नोंद परवान्यावर करून घ्या. काडतुसे परवानाधारक दुकानातून, नळीच्या मापाचीच घ्या. फुगलेले, गंजलेले किंवा हाताने भरलेले काडतूस वापरू नका. बार उडालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबा. आवाज दबका आला तर बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते पाहा, मगच पुढचा बार. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे; रानडुकरासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

आता दोन शब्द अधिकारी मंडळींसाठी. घरी भरलेली काडतुसे लोक जमा करत नाहीत, कारण कारवाईची भीती वाटते. मग ती गवताच्या माळ्यावर नाहीतर चुलीमागे लपतात. कोणी विहिरीत टाकतो, कोणी जाळायला जातो. भीतीने काडतूस नाहीसे होत नाही, ते पोराबाळांच्या हाती लागते. जमा कुठे आणि कसे करायचे, पुढे काय होणार, हे जिल्हा प्रशासनाने स्पष्ट करावे आणि हंगामाआधी ग्रामसभेत पोलीस पाटलांमार्फत सांगावे. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. परत देण्यापूर्वी त्याच वेळी जाणत्या कारागिराकडून नळ्यांची तपासणी व्हावी. वेगळी मोहीम काढण्याची गरज नाही.

बंधूंनो, डुकराने खाल्लेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. गेलेली बोटे राहत नाहीत. नळी बदलली की डबाही बदला.